थडी, मळई आणि निळी रेषा

नदीकाठच्या जमिनीसाठी मराठीने अनेक शब्द घडविले. भीमथडी, गंगथडी या प्रदेशनामांतील ‘थडी’ म्हणजे नदीने पोसलेला सारा पट्टा. पुराने गाळ साठवून तयार झालेली जमीन ती ‘मळई’. पाणी ओसरल्यावर त्या ओल्या गाळात केलेली पेरणी ती ‘गाळपेर’. तीच जमीन पावसाळ्यात नदीची आणि पुढे माणसाची, ही पाळी या शब्दांत गृहीत आहे. पवनेकाठच्या काळेवाडीचा अलीकडचा इतिहास ही पाळी मोडल्याचा इतिहास आहे, असे आम्हांस वाटते.

काळेवाडीच्या थोडे वरच्या अंगाला, चिंचवडला, मोरया गोसावींचे समाधिमंदिर पात्रालगतच आहे. मोठ्या पुरात तेथे पाणी शिरते. ओसरले की नित्यक्रम पुन्हा सुरू होतो. नदीशी जुळवून घेण्याची ही जुनी रीत होय.

पुढे काळेवाडीसमोर, पैलतीरी पिंपरीत, १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ, १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महापालिका स्थापन झाली. सत्तरच्या दशकाच्या आरंभी मावळात पवना धरण उभे राहिले. धरणाने लहान पूर अडविले. पण भरलेल्या धरणाचा विसर्ग थांबविता येत नाही. दरम्यान, कामगारांना परवडणारे घर हवे होते आणि मळईचा ‘भूखंड’ झाला होता. या नव्या शब्दाला क्षेत्रफळ आहे, ऋतू नाही.

पाटबंधारे खात्याने १९८९ च्या परिपत्रकाद्वारे पूररेषांचे नियम घातले. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. मात्र नकाशावरची ही रेषा घर घेणाऱ्याच्या कानी सहसा पडत नाही. जुलै २०२४ मध्ये पवनेकाठचे सखल भाग पुन्हा पाण्याखाली गेले. मे २०२५ मध्ये याच शहरातील चिखलीत, इंद्रायणीच्या निळ्या रेषेतील ३६ बंगले हरित लवादाच्या आदेशानुसार पाडण्यात आले. जमीन विकत घेऊन घर बांधलेल्यांचे छप्पर गेले.

‘मळई’ हा शब्द उच्चारताच पुराची आठवण होत असे. खरेदीखतातील गट क्रमांक ती करून देत नाही. म्हणूनच शब्दकोशात उरलेले हे शब्द आमच्या विद्यार्थ्यांनी केवळ ग्रामीण बोलीचे नमुने म्हणून टिपून घेऊ नयेत. पिढ्यान्‌पिढ्या पूर पाहिलेल्यांनी मागे ठेवलेली ती साक्ष आहे.