वहीतले पद आणि फितीवरचे गाणे

सप्ताहाच्या आदल्या रात्री शेजाऱ्याची भजनाची वही पुढे ठेवून पदे उतरवून घेणाऱ्या माणसास, आपण कोणाच्या मालमत्तेस हात लावीत आहोत, अशी शंकाही येत नाही. जर्मनीच्या कायद्याने हीच समजूत १९०१ साली कलमबद्ध केली. साहित्य व संगीत यांच्या स्वामित्वहक्काच्या त्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे, द्रव्यलाभाचा हेतू नसता स्वतःसाठी केलेली नक्कल निर्दोष होती.

पुढे ध्वनिमुद्रणाची चुंबकीय फीत आली. हाताने नक्कल करावयास जेथे रात्र जागावी लागे, तेथे आता रेडिओवरील गाणे संपते न संपते तोच त्याची हुबेहूब प्रत घरात तयार होऊ लागली. तेव्हा संगीतकारांच्या वतीने मानधन वसूल करणारी ‘गेमा’ ही संस्था यंत्रे बनविणाऱ्या ग्रुंडिग कंपनीविरुद्ध न्यायालयात गेली. १८ मे १९५५ रोजी कार्ल्सरुहे येथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निर्णय दिला की, १९०१ च्या कायदेकारांसमोर हे यंत्र नव्हतेच. सबब ती सवलत फितीस लागू नाही. कलमातील शब्दांवर बोट ठेवून चालणाऱ्या आम्हां वकिलांस हा अर्थ प्रथम खटकतो. शब्द तर ग्रुंडिगच्याच बाजूचे होते!

हक्क सिद्ध झाला, पण कोणाच्या माजघरात काय मुद्रित होते, हे पाहणार कोण? यंत्र घेणाऱ्याचे ओळखपत्र पाहून त्याचे नावगाव आम्हांस कळवावे, अशी गेमाने मागणी केली. २९ मे १९६४ रोजी त्याच न्यायालयाने ती फेटाळली. यंत्र विकत घेतले एवढ्याने कोणी अपराधी ठरत नाही, आणि राज्यघटनेने अभय दिलेल्या घरात असा पहारा शिरू देता येत नाही, असा त्याचा आशय. पहिल्यापेक्षा हा दुसरा निर्णय आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

अखेर १९६५ च्या कायद्याने तडजोड केली. घरगुती मुद्रणास मुभा दिली. मात्र यंत्राच्या विक्रीतून कारखानदाराने ५ टक्क्यांपर्यंत रक्कम हक्कदारांस द्यावी, असे ठरविले. १९८५ साली कोऱ्या फितींवरही आकार बसला. केवळ नातवाचे बोबडे बोल मुद्रित करणाऱ्या आजोबांवरही त्याचा भार पडला, हा त्यातील अन्याय खराच.

आमच्या १९५७ च्या कायद्यातील कलम ५२ ने खासगी अभ्यासासाठी उचित वापराची मुभा वाङ्मय, नाट्य, संगीत व कलाकृती यांस दिली, पण ध्वनिमुद्रिकेचे नाव त्या यादीत नव्हते. म्हणजे पदास सवलत होती, ते ज्या कॅसेटवर होते तिला नव्हती. घरोघर भजनांच्या कॅसेटी उतरविल्या गेल्या त्या सर्व काळात स्थिती हीच होती. १९९४ च्या दुरुस्तीने खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत ध्वनिमुद्रिका वाजविण्यास मोकळीक मिळाली. परंतु वाजविणे निराळे आणि नक्कल करणे निराळे. खासगी उपयोगाच्या मुभेत ध्वनिमुद्रिका आली ती २०१२ च्या दुरुस्तीने, आणि तिच्याबरोबर यंत्रावरचा वा फितीवरचा कोणताही आकार आला नाही. घरी उतरविलेल्या प्रतीपोटी जर्मन संगीतकाराच्या पदरी जो वाटा पडतो, तो आमच्या संगीतकारास अद्याप नाही.