वर्कशॉपच्या व्हॅक्यूम क्लीनरला डस्ट सेपरेटर: कोणता घ्यायचा आणि का?

चांदूर रेल्वेला आमच्या घरामागे टिनाची शेड आहे. काका तिथे सुतारकाम करतात. मी नोकरीसाठी पुण्यात असतो, म्हणून गेल्या दिवाळीत त्यांना एक वेट-ड्राय व्हॅक्यूम क्लीनर घेऊन दिला. पंधरा दिवस झाले नाहीत तोच काकांचा फोन आला, "काऊन रे बाबू, मशीन त चालू हाय, पण वढून काऊन नाई राह्यली?"

व्हिडिओ कॉलवर त्यांना फिल्टर काढायला लावला. सागवानाचा बारीक भुसा कणकेसारखा फिल्टरच्या घड्यांत गच्च बसला होता. मोटर ठीक होती, हवेला जायला वाट नव्हती. काकांनी फिल्टर शेडच्या भिंतीवर आपटून झटकला आणि ती सगळी धूळ त्यांच्याच तोंडावर उडाली. तेव्हा मी सेपरेटर शोधायला बसलो.

सेपरेटर म्हणजे पाइप आणि व्हॅक्यूमच्या मध्ये बसणारा डबा. भुसा त्यात पडतो, फिल्टरपर्यंत फार थोडी धूळ जाते. आपल्या भागात हे तंत्र नवीन नाही. अकोल्याच्या एमआयडीसीत डाळ मिलच्या बाहेर उलट्या शंकूच्या आकाराचं पत्र्याचं मोठं नरसाळं दिसतं ना, तो सायक्लोनच. अमेरिकेत याचं पेटंट १८८५ सालचं आहे. जेम्स डायसननं हीच कल्पना लाकडाच्या मिलवर पाहिली आणि घरगुती व्हॅक्यूममध्ये बसवण्यासाठी ५,१२७ नमुने बनवले.

हवा वरून कडेनं शिरते आणि गोल फिरत खाली जाते. जड कण भिंतीकडे फेकले जातात, घसरत खालच्या बादलीत पडतात. हवा मधल्या नळीतून वर निघून जाते. आत फिरणारा पार्ट नाही, की बदलायची पिशवी नाही.

बाजारात आणि यूट्यूबवर तीन प्रकार दिसतील. पहिला, पाण्याच्या बादलीचा. सगळ्यात स्वस्त, पण दर वेळी चिखल उपसावा लागतो आणि बुडबुड्यांत अडकलेली बारीक धूळ तशीच पुढे जाते. उन्हाळ्यात आमच्याकडे भुशासाठी पाणी मागितलं तर काकू हाकलून देईल. दुसरा, थिएन बॅफल: बादलीच्या झाकणाखाली लावलेली गोल प्लायची चकती, तिच्या कडेला साधारण २४० अंशांपर्यंत सुमारे २८ मिलिमीटरची फट. जिगसॉ असेल तर घरीच बनतो, उंची कमी लागते, जाड भुशाला मस्त. तिसरा, प्लॅस्टिकचा तयार कोन. बारीक धुळीसाठी हा बॅफलपेक्षा सरस. काका सँडर खूप चालवतात, म्हणून आम्ही कोन घेतला. तुमचं काम रंधा आणि ड्रिलचंच असेल तर बॅफल पुरतो.

आता सगळ्यात जास्त चुका होतात ती गोष्ट, पाइपची साइज. "मोठा तो चांगला" म्हणून लोक १०० मिलिमीटर तोंडाचा सेपरेटर मागवतात. तो मोठ्या डस्ट कलेक्टरसाठी असतो, जो भरपूर हवा ओढतो पण कमी दाबानं. आपला छोटा व्हॅक्यूम उलटा आहे: दाब जास्त, हवा कमी. समजा तो सेकंदाला ३० लिटर हवा ओढतो. ३२ मिलिमीटरच्या पाइपात तिचा वेग सेकंदाला सुमारे ३७ मीटर होतो. तीच हवा १०० मिलिमीटरमध्ये जेमतेम ४ मीटरवर येते. लाकडाचा भुसा वाहून न्यायला साधारण २० मीटर वेग लागतो. म्हणजे भुसा पाइपातच बसणार, आणि सायक्लोनमध्ये हवा फिरणारच नाही. तेव्हा आधी व्हॅक्यूमच्या पाइपाचा आतला व्यास मोजा, मग त्याच मापाचा सेपरेटर बघा. एक-दोन मिलिमीटरचा फरक असेल तर रबराचा तुकडा आणि क्लॅम्प लावून भागतं.

आता माझी फजिती. खाली बादली म्हणून मी पेंटची रिकामी २० लिटरची घेतली. पाइपाच्या तोंडात लाकडाची ढलपी अडकली, धाडकन आवाज झाला आणि बादली पोचट डब्यासारखी आत गेली. नंतर हिशोब केला. व्हॅक्यूमच्या खोक्यावर सक्शन २० किलोपास्कल लिहिलं असेल आणि झाकण ३० सेंटीमीटरचं असेल, तर पाइप पूर्ण बंद झाल्यावर झाकणावर १४० किलोच्या वर भार येतो. दोन माणसं उभी राहिल्यासारखं! त्यात मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये प्लॅस्टिक आणखी मऊ पडतं. म्हणून जाड बादली घ्या, किंवा एकात एक अशा दोन बादल्या बसवा. झाकणाला आतून प्लायची चकती लावा.

बादली हवाबंद हवीच. खालून जराशी गळती असली तरी बाहेरची हवा आत घुसते आणि पडलेला भुसा परत उडवून वर नेते. झाकणाला रबराची पट्टी, जोडांना सिलिकॉन. तपासायला सोपं आहे: मशीन चालू करून जोडांजवळ अगरबत्ती धरा, धूर आत ओढला गेला तर तिथे गळती. हे करताना बादली रिकामी आणि पुसलेली पाहिजे, भुशाजवळ विस्तव नको. बादली पाऊण भरली की रिकामी करा, नाहीतर पुढचा सगळा माल सरळ फिल्टरवर. आणि ज्या मशीननं भुसा ओढता, तिनं ग्राइंडरच्या ठिणग्या कधीच ओढू नका. भुशात ठिणगी तासभर धुमसत राहू शकते.

एक गोष्ट मात्र विक्रेते सांगत नाहीत. सेपरेटर लावला म्हणजे फुप्फुसं सुरक्षित झाली, असं नाही. भुसा म्हणून जो दिसतो तो सेपरेटर पकडतो. १० मायक्रॉनच्या खालची धूळ, जी श्वासातून खोलवर जाते, तिच्यातली बरीच पुढे निसटते. आणि लाकडाची धूळ ही साधी गोष्ट नाही: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये तिला कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं, मुख्यतः नाक आणि सायनसच्या कर्करोगामुळे. त्यामुळे बजेट कमी असेल तर महागड्या कोनऐवजी घरी बॅफल बनवा आणि वाचलेल्या पैशात व्हॅक्यूमला हेपा फिल्टर घ्या. सेपरेटर पुढे असला की हा महाग फिल्टर लवकर चोंदत नाही, त्याचा खरा फायदा हाच. सँडिंग करताना एन-९५ मास्क तरीही लागतोच.

काकांकडे आता शनिवारी बादली रिकामी होते. भुसा शेजारचे गोठ्यात अंथरायला नेतात, पण एमडीएफ कापलं त्या आठवड्याचा देत नाही, त्यात रेझिन असतं. फिल्टर महिन्यातून एकदा काढतो. अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून, मास्क लावून. मास्कसाठी मात्र अजून दर वेळी काकांशी भांडावं लागतं.