बिल्ला नको, टाका बघा

जुन्या बाजारातून बूट शिवायचं जुनं मशीन उचललं की लोक ते दुरुस्तीला माझ्याकडे आणतात आणि आधी विचारतात, ‘सिंगरच आहे ना?’ बिल्ल्याला काय चाटायचंय? टाका कुठे पडतो ते बघा.

तळ शिवणाऱ्या मशिनांच्या मुख्य जाती दोन. पहिली ब्लेकची. अमेरिकेतल्या लायमन ब्लेकनं १८५८ साली तिचं पेटंट घेतलं. तिला एक वाकडं शिंग असतं, त्यावर बूट पालथा चढवायचा. सुई वरून तळ भेदते, शिंगाच्या टोकातून मेणाचा दोरा ओढून घेते आणि साखळीटाका घालते. शिवण बुटाच्या आत, पाताब्याखाली. दोरा एकच, त्यामुळे टोक सुटलं की शिवण उसवत जाते.

दुसरी जात वेल्टची. वेल्ट म्हणजे बुटाच्या कडेनं असते ती चामड्याची पट्टी; तिला बाहेरून तळ शिवायचा. इथे सुई वाकडी, दोरे दोन, टाका डोळ्यांना दिसणारा. तळ झिजला तर सगळा बूट न उकलता बदलता येतो. मला विचाराल तर हीच खरी शहाणी जात.

मग गल्लीतल्या दुकानांत ही धुडं का आली नाहीत? ब्लेकचं पेटंट विकत घेतलेल्या गॉर्डन मॅकेनं मशीन भाड्यानं दिलं आणि जोडामागे पैसे घेतले. १८९९ साली निघालेल्या युनायटेड शू मशिनरीनंही भाड्याचाच रस्ता धरला. तो हिशेब कारखान्याला परवडणारा. सिंगर मात्र १८५६ पासून हप्त्यानं मशीन विकत होती. आपल्याकडे वरचं चामडं सिंगरवर आणि तळ आरीनं, ही वाटणी त्यातूनच पडली असं मला वाटतं. हाताची मजुरी स्वस्त होती, हेही आहेच.

ते सिंगर म्हणजे बहुधा २९के. ‘के’ म्हणजे स्कॉटलंडचा किलबोवी कारखाना, १९८० साली बंद झालेला. मशीनवरचा नंबर आधीच्या अक्षरांसकट ताडून पाहिला की साल काढता येतं. याचा दाबाचा पाय गोल फिरतो, म्हणून बूट न वळवता हवा तिकडे टाका नेता येतो. मॉडेलांतला कामाचा फरक एवढाच: हात लांब की आखूड, बॉबिन मोठी की लहान. लहान बॉबिनच्या मशीनचं नाक बारीक, ते पोरांच्या बुटात टोकापर्यंत शिरतं. पण दोरा सारखा भरावा लागतो.

२९के घ्या, ठिगळं लावा, वरचं चामडं शिवा. त्यावर तळ मात्र घालू नका. सुई मोडेल, टायमिंग जाईल आणि मशीन पुन्हा माझ्याकडे येईल.