ओपन सोर्स प्रोजेक्टने बाहेरची लायब्ररी फोर्क करावी का?

तुमच्या फोनमधलं ॲप एकाच टीमने पूर्ण लिहिलेलं नसतं. फोटो लोड करणं, तारीख दाखवणं, कनेक्शन सुरक्षित ठेवणं ही कामं इतरांनी लिहिलेल्या लायब्ररी करतात. ॲप ज्या लायब्ररीवर अवलंबून असतं, ती त्याची ‘डिपेंडन्सी’. तिच्या कोडची स्वतंत्र प्रत घेऊन आपणच ती पुढे चालवणं म्हणजे ‘फोर्क’.

फोर्क का करतात?

एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या लायब्ररीतला हार्टब्लीड बग उघड झाला. त्यातून सर्व्हरच्या मेमरीतले पासवर्डसुद्धा बाहेर जाऊ शकत होते. त्याच महिन्यात ओपनबीएसडीच्या टीमने तिचा लिब्रेएसएसएल हा फोर्क सुरू केला. गूगलची अडचण वेगळी होती. ओपनएसएसएलवर ते स्वतःचे पॅच लावायचे आणि प्रत्येक नव्या व्हर्जनवर ते पुन्हा बसवावे लागायचे. म्हणून जून २०१४ मध्ये बोरिंगएसएसएल आलं. आज अँड्रॉइड आणि क्रोममध्ये तेच आहे. पण गूगलकडे ते सांभाळायला पगारी इंजिनीअर आहेत!

माझी चूक

मी एका छोट्या ओपन सोर्स ॲपवर काम करायचो. एका लायब्ररीत बग सापडला, तिच्या लेखकाचं उत्तर येईना, म्हणून मी सरळ फोर्क केला. पाच मिनिटांत काम झालं. पुढे मूळ लायब्ररीत सुरक्षेची मोठी दुरुस्ती आली, पण आमच्या फोर्कमध्ये ती आपोआप येणार नव्हती आणि माझं तिकडे लक्षच नव्हतं. आठ महिने लोकांच्या फोनवर ते भोक तसंच राहिलं. शेवटी एका युजरने कळवलं, तेव्हा समजलं.

मग करायचं काय?

१. दुरुस्ती आधी मूळ प्रोजेक्टला पाठवा आणि थोडी वाट बघा.

२. लायब्ररी गायब होण्याची भीती असेल, तर वापरात असलेलं व्हर्जन पक्कं करा आणि कोडची प्रत जवळ ठेवा. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड ही ११ ओळींची लायब्ररी लेखकाने एनपीएमवरून काढली आणि असंख्य प्रोजेक्टचे बिल्ड अडकले. ज्यांच्याकडे प्रत होती, त्यांचं काम चालू राहिलं. त्यासाठी फोर्कची गरज नव्हती.

३. मूळ प्रोजेक्ट बंद पडला असेल किंवा त्याची दिशा तुम्हाला चालणारी नसेल, तर फोर्कचा विचार करा.

फोर्क करण्याआधी टीममध्ये एकच प्रश्न विचारा: उद्यापासून याचे सुरक्षा अपडेट कोण बघणार? उत्तरात एखाद्याचं नाव आलं नाही, तर फोर्क करू नका.