समर वॉर्स : आभासी जगावरील संकट आणि एका कुटुंबाची लढाई

जपानी अ‍ॅनिमेशनपट म्हटला की आपल्याकडील प्रेक्षकांना प्रथम हायाओ मियाझाकी यांचे नाव आठवते. त्यांच्या नंतरच्या पिढीत ज्या दिग्दर्शकांनी स्वतःची वाट निर्माण केली, त्यांत मामोरू होसोदा यांचे स्थान महत्त्वाचे आहे. १ ऑगस्ट २००९ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झालेला ‘समर वॉर्स’ हा त्यांचा गाजलेला चित्रपट. मॅडहाउस या संस्थेने त्याची निर्मिती केली, तर पटकथा सातोको ओकुदेरा यांची आहे.

चित्रपटातील ‘ओझ’ हे महाजालावरील एक आभासी जग आहे. त्याचे अब्जाहून अधिक सदस्य आहेत. खरेदी, खेळ, गप्पा यांच्याबरोबरच सरकारी कामकाज, रस्त्यांवरील वाहतुकीचे नियंत्रण आणि रुग्णांच्या प्रकृतीवरील देखरेखही याच जगातून चालते. ज्याचे जसे पद, तसे त्याच्या खात्याचे अधिकार.

या जगाच्या देखभालीचे किरकोळ काम करणारा केंजी हा गणितात हुशार, पण बुजरा शाळकरी मुलगा. वरच्या वर्गातील नात्सुकी त्याला सुटीत आपल्या आजोळी नेते. पणजीच्या नव्वदाव्या वाढदिवसासाठी जमलेल्या गोतावळ्यासमोर त्याने तिचा नियोजित वर म्हणून उभे राहावे, एवढीच तिची अपेक्षा असते. त्याच रात्री केंजीला मोबाइलवर अंकांचे एक लांबलचक कोडे येते. तो ते सोडवून पाठवतो आणि सकाळी ‘ओझ’ची सुरक्षाव्यवस्था कोसळलेली असते.

या उत्पाताच्या मुळाशी ‘लव्ह मशिन’ ही कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. तिच्यात जाणून घेण्याची हाव तेवढी भरलेली आहे. ती कोट्यवधी खाती गिळते आणि त्यांच्यासोबत त्या खात्यांचे अधिकारही. परिणामी शहरांतील वाहतूक ठप्प होते, आपत्कालीन सेवांकडे खोट्या सूचनांचा पूर येतो. तिचा निर्माता वाबिसुके हा पणजीच्या दिवंगत पतीचा अनौरस मुलगा, म्हणजे याच घरातला. अमेरिकी लष्कराने त्याची ही निर्मिती चाचणीसाठी ‘ओझ’मध्ये सोडलेली असते. संकट बाहेरून आले असले तरी त्याचे एक टोक असे घरातच असते.

पणजी साकाए हे या चित्रपटाचे खरे केंद्र. यंत्रणा कोलमडताच ती जुनी पत्रे आणि पत्त्यांची वही काढते, तबकडीच्या काळ्या दूरध्वनीवरून नातलगांपासून उच्चपदस्थांपर्यंत एकेकाला गाठते आणि ‘हे तुम्हालाच जमेल’ असा धीर देते. आयुष्यभर जपलेली माणसे हेच तिचे जाळे. मात्र चित्रपट इथे स्वप्नरंजन करीत नाही. तिच्या हृदयावर ‘ओझ’मार्फत लक्ष ठेवणारी यंत्रणा बंद असल्याने डॉक्टर मुलाला धोक्याची सूचना मिळत नाही आणि नव्वदीच्या उंबरठ्यावर तिचा मृत्यू होतो. सर्व व्यवहार एकाच व्यवस्थेवर सोपविल्याची ही किंमत आहे.

त्यानंतरच्या लढाईत प्रत्येकाचा व्यवसाय उपयोगी पडतो. विद्युत उपकरणांचा दुकानदार महासंगणक आणतो, मासेमारी करणारा नातलग वीजनिर्मितीसाठी आपली बोट आणतो, आत्मसंरक्षण दलातील जवान संपर्काचे वाहन मिळवतो. निर्णायक सामना मात्र नात्सुकी हानाफुदा या पारंपरिक पत्त्यांच्या खेळात देते. तिची खाती संपत आली असता जगभरातील अनोळखी लोक आपली खाती तिच्या हवाली करतात. ज्या जाळ्याने संकट आणले, त्याच जाळ्यातून मदतही येते.

कथेची पार्श्वभूमी नागानो प्रांतातील उएदा या गावाची आहे. होसोदा यांच्या पत्नीचे हे गाव. १५८५ आणि १६०० मध्ये तोकुगावांच्या मोठ्या सैन्याला येथील किल्ल्यावरून रोखणारे सानादा घराणे हा चित्रपटातील जिन्नोउची कुटुंबाचा आदर्श आहे. बलाढ्य शत्रूपुढे हटायचे नाही, हा पूर्वजांचा वारसा त्यामुळे कथेत सहज मिसळतो. दृश्यांतही हे दोन जगांचे अंतर दिसते. वडिलोपार्जित वाडा आणि उन्हाळी आकाश हाताने रंगविलेले आहे, तर पांढऱ्याशुभ्र पोकळीत तरंगणारे ‘ओझ’ संगणकावर साकारले आहे.

‘समर वॉर्स’ला जपान अकादमीचा सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचा पुरस्कार २०१० मध्ये मिळाला. होसोदा यांचा ‘मिराई’ (२०१८) पुढे ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला, तर ‘बेल’मध्ये (२०२१) ते पुन्हा आभासी जगाकडे वळले. एका खात्यावर पैसा, ओळख आणि आरोग्य सोपविण्याची सवय आता जगभर रुळली आहे. ते खाते बंद पडले तर हाक कोणाला मारायची, हा साकाएच्या वहीने विचारलेला प्रश्न म्हणूनच जुना झालेला नाही.