नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ या दोन प्रयोगांत केवळ एका मात्रेचे अंतर आहे. पहिल्याने पाळण्यातील बालकाला ओळख मिळते. दुसऱ्याने चारचौघांत माणसाची प्रतिष्ठा काढून घेतली जाते. माणसाच्या लैंगिक कलासंबंधी गेल्या दीडशे वर्षांत जे वाद झाले, त्यांचा इतिहास हा बव्हंशी या एका मात्रेचा इतिहास आहे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील कायदे या बाबतीत माणसाला नाव देत नसत, कृत्याला देत. १८५१ सालच्या प्रशियाच्या दंडसंहितेतील १४३ व्या कलमाने पुरुषापुरुषांमधील संबंधाला ‘निसर्गविरुद्ध अनाचार’ म्हटले व त्याला कैदेची शिक्षा सांगितली. १८६० सालच्या भारतीय दंडसंहितेतील ३७७ व्या कलमानेही ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ असाच शब्द योजिला. या शब्दयोजनेत एक गोम आहे. निसर्गाविरुद्ध काय व निसर्गाला धरून काय, हा तर वादाचाच विषय. परंतु त्याचे उत्तर कलमाच्या मथळ्यातच देऊन ठेवलेले. ज्याला प्रतिवाद करावयाचा, त्याने प्रथम आपण निसर्गाचे वैरी नाही हे सिद्ध करावे, अशी ही व्यवस्था होती.

या व्यवस्थेविरुद्ध उघडपणे उभा राहिलेला पहिला पुरुष म्हणजे हॅनोव्हर राज्यातील कायदेपंडित कार्ल हाइनरिख उलरिख्स. १८६४ पासून त्याने टोपणनावाने पुस्तिका काढल्या आणि आपल्यासारख्यांसाठी ‘उर्निंग’ हा शब्द घडविला. प्लेटोच्या संवादात ‘युरेनिया’ या स्वर्गीय प्रेमदेवतेचा उल्लेख आहे, त्यावरून तो घेतलेला. कलमाने चिखलात लोटलेल्यांना या पंडिताने आकाशातले नाव दिले. २९ ऑगस्ट १८६७ रोजी म्यूनिक येथे जर्मन विधिज्ञांच्या परिषदेपुढे तो बोलावयास उभा राहिला, तेव्हा सभेत इतका आरडाओरडा झाला की त्याला भाषण आवरते घ्यावे लागले.

उलरिख्सशी पत्रव्यवहार असलेला कार्ल मारिया केर्टबेनी हा हंगेरियन लेखक मात्र दुसऱ्या वाटेने गेला. तरुणपणी त्याच्या एका मित्राने, याच कारणावरून पैसे उकळणाऱ्याच्या जाचाला कंटाळून, आत्महत्या केली होती. त्या आठवणीने आपण या विषयाकडे वळलो, असे त्याने लिहून ठेवले आहे. ६ मे १८६८ च्या एका पत्रात त्याने ‘होमोसेक्शुअल’ आणि त्याच्या जोडीला ‘हेटरोसेक्शुअल’ हे दोन्ही शब्द वापरले. पुढच्याच वर्षी, १८६९ मध्ये, त्या कलमाविरुद्धच्या दोन पुस्तिकांतून ‘होमोसेक्शुअल’ हा शब्द प्रथम छापून आला. ग्रीक भाषेतील ‘सम’ आणि लॅटिनमधील ‘लिंग’ यांचा तो संकर. त्यात ना स्तुती होती, ना निंदा. आणि तेच त्याचे प्रयोजन होते. दोन व्यक्तींनी परस्परसंमतीने खाजगीत केलेल्या कृत्याने तिसऱ्या कोणाचा हक्क बुडत नसेल, तर राज्यसत्तेला तेथे शिरण्याचा अधिकार काय, एवढाच त्याचा सवाल होता. हा कल जन्मजात आहे, या उलरिख्सच्या मुद्द्यावर त्याची भिस्त नव्हती. ते शस्त्र दुधारी आहे, असे त्याचे मत होते. इतरांना नाव देणाऱ्या या गृहस्थाने त्या पुस्तिकांवर स्वतःचे नाव मात्र घातले नव्हते.

त्याची भीती खरी ठरली. त्याच सुमारास बर्लिनचे वैद्य कार्ल वेस्टफाल यांनी ‘विपरीत लैंगिक भावना’ असे रोगवाचक नाव योजिले, आणि १८८६ साली क्राफ्ट-एबिंग यांचा ‘सायकोपाथिया सेक्शुआलिस’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जे जन्मजात, ते जन्मजात वैगुण्य, असा अर्थ वैद्यकाने लावला. केर्टबेनीने बचावासाठी घडविलेला शब्दही कालांतराने याच वैद्यकाच्या परिभाषेत जाऊन बसला. वकिलाने लिहिलेला अर्ज रोग्याच्या केसपेपरला जोडला गेला, असे म्हणावे लागते.

शब्दाची ही वाटचाल केवळ ग्रंथालयापुरती राहिली नाही. प्रशियाचे ते कलम १८७१ साली साऱ्या जर्मन साम्राज्याचे १७५ वे कलम झाले. १९३५ मध्ये नाझी राजवटीने ते अधिक कठोर केले. त्याखाली हजारो पुरुष छळछावण्यांत गेले आणि त्यांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवण्यात आला. तेथे नावाचीही गरज उरली नाही. कापडाचा एक तुकडा पुरेसा झाला. युद्ध संपले, तरी पश्चिम जर्मनीत ते कलम १९३५ च्या रूपातच १९६९ पर्यंत चालू राहिले, आणि १९९४ साली ते सर्वस्वी रद्द झाले.

वैद्यकानेही आपला शब्द मागे घेतला. डिसेंबर १९७३ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेने समलैंगिकतेचे नाव मनोविकारांच्या यादीतून काढले. १७ मे १९९० रोजी जागतिक आरोग्य सभेने मंजूर केलेल्या रोगसूचीतही ते राहिले नाही.

धर्मपीठाचा अनुभवही विचार करण्याजोगा आहे. १९८६ साली व्हॅटिकनच्या धर्मसिद्धान्तविषयक खात्याने बिशपांना जे पत्र पाठविले, त्यात म्हटले आहे की, परमेश्वराच्या प्रतिमेनुसार घडलेल्या मनुष्याचे पुरते वर्णन केवळ त्याच्या लैंगिक कलाने होत नाही; परमेश्वराचे लेकरू ही त्याची मूळ ओळख होय. अशा माणसांविरुद्धच्या हिंसेचा व द्वेषपूर्ण बोलण्याचाही त्यात निषेध आहे. नामपट्टिकेविरुद्ध इतके थोर वचन क्वचितच सापडेल. तथापि त्याच पत्रात त्या कलाला ‘अव्यवस्था’ असेही संबोधले आहे. धर्मशास्त्रात या शब्दाला नेमका अर्थ असेल. परंतु ज्याच्याविषयी तो उच्चारला जातो, त्याच्या कानाला धर्मशास्त्र ऐकू येत नाही, शब्द तेवढा ऐकू येतो.

महाराष्ट्रालाही हा वाद परका नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली, त्यावरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी कर्वे यांना दंड झाला. उत्तर चूक की बरोबर, हे पाहण्यापूर्वीच ‘अश्लील’ या एका शब्दाने प्रश्नाचे तोंड बंद झाले. केर्टबेनीच्या शब्दाचाच साचा असलेला ‘समलिंगी’ हा शब्द मराठीत रुळल्यावरही ‘विकृत’ हा शब्द वादातून हटला नाही. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीने खाजगीत होणारे संबंध ३७७ व्या कलमाच्या कक्षेबाहेर काढले. १ जुलै २०२४ रोजी जुनी संहिता जाऊन नवी आली, तिच्यात ते कलमच नाही.

मतभेद यापुढेही राहतील. धर्म, नीती आणि कायदा यांचे मार्ग प्रत्येक ठिकाणी मिळतीलच, असे नाही. परंतु वादाची एक साधी कसोटी या इतिहासातून हाती लागते. आपण योजिलेल्या नावाने हाक मारली असता समोरच्या माणसाला ‘ओ’ देता यावी. जे नाव ऐकून त्याला मान खाली घालावी लागते, ते त्याचे नाव नव्हे, तो आपण आधीच लिहून ठेवलेला निकाल होय. आणि निकाल आधी लावून मग साक्ष घेणाऱ्या न्यायाधीशापुढे उभे राहण्यास कोणीही राजी होणार नाही.