पाळणा, तंबू आणि फाटक

आपल्याकडे राजघराण्यांचे, मठमंदिरांचे आणि चळवळींचे इतिहास लिहिले गेले. लोकांनी मौज कशी केली, याचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहिला नाही. करमणूक ही फुरसतीची बाब, ती इतिहासाच्या गांभीर्याला शोभत नाही, अशी समजूत त्यामागे असावी. वस्तुतः एखादा समाज कोणाकोणाला बरोबर घेऊन आनंद करतो, यावरून त्याची घडण पुष्कळच कळते. आज सीमाभागातील अनेक कुटुंबे सुट्टीत मुला-नातवंडांसह खोपोलीच्या किंवा बंगळूरच्या मनोरंजन उद्यानांत जातात. अशा ठिकाणी जाण्याचे सार्थक कशाने होते, हा प्रश्न त्यामुळे केवळ सहलीपुरता राहत नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्या मुलखातील जत्रा, सर्कस आणि आजचे उद्यान या तिन्हींकडे क्रमाने पाहणे उपयुक्त ठरेल.

आरंभ पाळण्यापासून करू. १६१५ साली इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले याने कॉन्स्टँटिनोपल येथे रमजानच्या उत्सवात माणसांना बसवून फिरणारे मोठे चक्र पाहिले आणि तो स्वतः त्यात बसला. वेगाने वर-खाली जाण्यात त्याला विलक्षण आनंद वाटला. शेजारी बसलेला ग्रीक गृहस्थ मात्र ‘पुरे, पुरे’ म्हणून ओरडू लागला, असे त्याने नमूद केले आहे. हाच प्रवासी पुढे १६२३ साली गोव्यात व तेथून कर्नाटकातील इक्केरीपर्यंत आला होता. १६२० साली पीटर मंडी या इंग्रज प्रवाशानेही आजच्या बल्गेरियातील प्लोव्हदिव येथे असेच चक्र पाहिले. म्हणजे १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात जॉर्ज फेरिस याने २६४ फूट उंचीचे पोलादी चक्र उभारले, तेव्हा कल्पना जुनीच होती. नवे होते ते आकारमान. त्याच्या ३६ डब्यांत एका वेळी २,१६० माणसे बसू शकत.

आपल्या जत्रांतील चार पेट्यांचा, माणसांनी हाताने ढकललेला लाकडी पाळणा याच कुळातला. तान्ह्या बाळाला जोजवणाऱ्या वस्तूचेच नाव मराठीने या धाडसाच्या खेळालाही दिले, हे अर्थपूर्ण आहे. भीती तर वाटावी, पण ती भरवशाच्या हातात वाटावी, ही करमणुकीच्या साधनाची पहिली अट त्या एका शब्दात आली आहे. दुसरी गोष्ट अशी, की पाळणा वर गेला म्हणजे खाली पसरलेली जत्रा, देवळाचे शिखर आणि गर्दीतली आपली माणसे एकदम दिसतात.

या पाळण्याला आपल्या भागात स्थान मिळाले ते देवतांच्या आश्रयाने. रायबाग तालुक्यातील चिंचलीच्या मायाक्कादेवीची माघातील यात्रा, सौंदत्तीच्या डोंगरावरील यल्लम्माची यात्रा, बेळगावात वडगावच्या मंगाईदेवीची आषाढातील यात्रा ही त्यांतील ठळक नावे. निपाणीचा पीराने पीर दस्तगीर साहेबांचा उरूस तर संत बाबामहाराज चव्हाण यांच्या नावाशी जोडलेला असून, तेथे हिंदू-मुसलमान दोघेही श्रद्धेने जातात. या स्थळांवर नवस फेडणाराही येई आणि बैल विकणाराही. कुस्तीचा फड एका बाजूला, बांगड्यांची दुकाने दुसऱ्या बाजूला. पाळण्यात न बसणाऱ्या आजीलाही तेथे दिवसभराचे काम असे: देवीची ओटी, माहेरच्या माणसांची गाठभेट, नातवंडांसाठी बत्तासे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत बेळगाव, निपाणी तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. पण कोल्हापूर-सांगलीकडचे भाविक चिंचलीला आणि सौंदत्तीला येतच राहिले.

अर्थात जत्रेचे गुणगान करताना तिची काळी बाजू झाकून चालणार नाही. पशुबळी, जातीपातीचे अंतर, अस्वच्छतेतून पसरणारे रोग हेही तिच्यात होते. सौंदत्तीच्या डोंगराशी तर मुलींना देवाला सोडण्याची अमानुष प्रथा निगडित होती. ती रोखण्यासाठी कर्नाटक विधिमंडळाला १९८२ साली कायदा करावा लागला. सर्वांना सामावून घेणाऱ्या स्थळी सर्वांचीच प्रतिष्ठा राखली जात होती, असे म्हणता येत नाही.

जत्रेनंतरची पायरी सर्कशीची. ती तर आपल्या शेजारच्या मातीत जन्मली. कृष्णाकाठच्या अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे हे कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांच्या पदरी अश्वविद्येचे जाणकार होते. बेळगावलगतचे शहापूर तेव्हा सांगलीकर पटवर्धनांच्या अमलाखाली असल्याने, हा सारा एकाच नात्यागोत्याचा मुलूख होता. मुंबईत आलेल्या कियारिनी नावाच्या इटालियनाची सर्कस पाहून, असा खेळ हिंदी माणसालाही उभा करता येईल, या जिद्दीने विष्णुपंतांनी १८८० साली आपली सर्कस उभी केली. गुर्लहोसूर या बेळगाव जिल्ह्यातील गावी जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेही १८८० मध्येच. कागवाडच्या शेजारच्या म्हैसाळातून पुढे देवलांची सर्कस निघाली.

विष्णुपंत संगीताचेही दर्दी होते. ग्वाल्हेरच्या हद्दूखाँचे पुत्र रहिमतखाँ यांना त्यांनी आश्रय दिला आणि सर्कशीच्या फिरतीत त्यांचे गाणे गावोगाव पोहोचवले. रहिमतखाँचा शेवटही कुरुंदवाडलाच, १९२२ साली झाला. केरळातील तलश्शेरीला सर्कस गेली असता कीलेरी कुन्हीकण्णन या व्यायामशिक्षकाशी विष्णुपंतांचा संबंध आला आणि तेथे कसरतपटू घडवण्याची परंपरा सुरू झाली. परदेशी नमुना घेऊन त्यात आपले कसब ओतले आणि ते इतरांनाही शिकू दिले, यात या सर्कशीचे मोठेपण आहे. वन्य प्राण्यांच्या हालांमुळे १९९८ च्या अधिसूचनेने वाघ, सिंह, अस्वले यांच्या खेळांवर बंदी आली आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ती योग्यच होती. पण तंबूची मोठी गर्दी त्यानंतर ओसरली.

मनोरंजन उद्यान ही तिसरी पायरी. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले त्याच १८४३ साली कोपनहेगनमध्ये गेओर्ग कार्स्टेन्सन याने टिव्होली उद्यान उघडले. बागा, संगीत, दिवे आणि फिरती चक्रे तेथे एकत्र आली. ते उद्यान आजही चालू आहे. वॉल्ट डिस्ने याने १९५१ साली ते पाहिले. मुली चक्रावर बसल्या असता आपण नुसते बाकावर बसून राहतो, आईवडिलांना आणि मुलांना एकत्र रमता येईल अशी जागा का नसावी, या विचारातून त्याची १९५५ ची डिस्नेलँड घडली. भारतात दिल्लीचे अप्पू घर १९८४ साली उघडले आणि २००८ मध्ये बंद झाले. मुंबईजवळ गोराईला एस्सेल वर्ल्ड १९८९ साली आणि खोपोलीजवळ इमॅजिका २०१३ साली सुरू झाले.

या उद्यानांनी पुष्कळ दिले, हे मान्य केले पाहिजे. स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, यंत्रांची तपासणी, स्त्रियांना निर्धास्तपणे वावरता येईल अशी व्यवस्था यांपैकी बरेचसे जुन्या जत्रेत नव्हते. परंतु उद्यानाला फाटक असते आणि फाटकावर तिकीट. जत्रेत रिकाम्या खिशानेही हिंडता येई. शेतमजुराचे मूल आणि वकिलाचे मूल एकाच पाळण्यात बसत नसले, तरी एकाच पाळण्याकडे मान वर करून पाहत. फाटकाआड हे घडत नाही. तेथे आपण आपल्याच ऐपतीच्या माणसांत असतो.

म्हणून एखादे स्थळ थोर की सामान्य, हे चक्राच्या उंचीवरून ठरवू नये. खेळात न उतरणाऱ्या वृद्धालाही तेथे आल्याचे समाधान वाटते का, बसायला सावली आणि पाहायला माणसे आहेत का, भीतीच्या खेळात भरवसा आहे का, आणि कोण बाहेर राहिले, हे पाहावे. टिव्होलीच्या बागेत आणि निपाणीच्या उरुसात या कसोट्यांपैकी निरनिराळ्या पुऱ्या होतात. आपल्या नगरपालिकांनी आणि पंचकमिट्यांनी जत्रेची मैदाने मोकळी राखून तेथे पाणी, स्वच्छता आणि पाळण्यांची कसून तपासणी एवढे जरी केले, तरी उद्यानाचे गुण जत्रेत येतील. तोवर नातवंडांना खोपोलीला अवश्य न्यावे. पण येत्या माघात एकदा चिंचलीलाही न्यावे. मायाक्काच्या भंडाऱ्याने कपाळ पिवळे झालेल्या त्या गर्दीत मराठी आणि कानडी दोन्ही त्यांच्या कानांवर पडतील, आणि आपले पूर्वज कोणाच्या शेजारी उभे राहून आनंद करीत, हे त्यांना पाहायला मिळेल.